‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’: हृदयात नेमकं भरलं काय?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील ६४ वर्षांचे, सगळी नोकरी गिरगावातल्या छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून केलेली. गेल्या महिन्यात हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, आता घरी आहेत. डिस्चार्ज कार्डावर ‘अ‍ॅक्यूट अँटेरियर वॉल मायोकार्डियल इन्फार्क्शन’ असं लिहिलंय. त्यातल्या एकेका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून ते तुम्हाला अर्थ विचारतायत. ‘इन्फार्क्शन’ हा शब्द ‘ठासून भरणे’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला, हे तुम्ही शोधून त्यांना सांगितलंत, तर ते म्हणाले, “मग माझ्या हृदयात भरलंय काय? आणि ते काढलं का नाही?”

मी विकृतिशास्त्राची, म्हणजे पॅथॉलॉजीची डॉक्टर. मुंबईतल्या एका महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीसेक वर्षं हे शिकवलं, म्हणजे अशी हृदयं हातात घेऊन, त्यांचे काप विद्यार्थ्यांना दाखवून शिकवलं. म्हणून लिहिते आहे.

आधी वडिलांची काळजी मिटवते. त्यांच्या हृदयाच्या स्नायूत काहीही भरलेलं नाही. स्नायूच्या एका भागाला रक्त पोचलं नाही आणि त्यातल्या काही पेशी मेल्या, एवढाच इन्फार्क्शनचा आजचा अर्थ. अडथळा होता तो स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत, आणि तो मोकळा केला आहे. किती स्नायू गेला आणि किती वाचला, हे या ओळीवरून कोणालाच सांगता येणार नाही. धमनी नेमकी कुठे बंद झाली, पुरती बंद झाली की थोडी, छातीत कळ आल्यापासून ती उघडेपर्यंत किती वेळ गेला, यांवर ते ठरतं. रक्त पूर्ण थांबलं तर साधारण २० ते ४० मिनिटांत पहिल्या पेशी कायमच्या जायला लागतात आणि पुढच्या काही तासांत तो भाग पसरत जातो. म्हणजे दोघांच्या कार्डांवर अगदी हीच ओळ असली तरी दोघांची हृदयं वेगळी असू शकतात.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत. एक, वडिलांना काय झालं. दुसरी, हा शब्द कुठून आला. शब्दाच्या मुळाशी जे असतं ते तो पहिल्यांदा वापरणाऱ्याच्या डोळ्यांना काय दिसलं, ते. आजारात खरोखर काय चालतं, ते तिथे सापडेलच असं नाही. विद्यार्थ्यांना मी मूळ अर्थ हटकून सांगायचे, कारण त्याने शब्द डोक्यात पक्का बसतो. पण रिपोर्ट वाचताना तो मूळ अर्थ बाजूला ठेवायचा.

वाचायचं मात्र शेवटाकडून. ‘राजपुत्र’ म्हटलं की माणूस पुत्र असतो, राजा नसतो. आपल्या तत्पुरुष समासात मुख्य शब्द शेवटी येतो, तसंच इथे आहे. काय झालं? इन्फार्क्शन. कशात? मायोकार्डियल, म्हणजे हृदयाच्या स्नायूत. कुठल्या बाजूला? अँटेरियर वॉल. कधीचं? अ‍ॅक्यूट. पोस्टमन पत्ता वाचतो तसं: आधी मुंबई, मग परळ, मग चाळ, मग खोली.

आता तो ‘भरण्या’चा शब्द. लॅटिनमध्ये ‘फार्किरे’ म्हणजे ठासणे, भरणे, आणि ‘इन’ म्हणजे आत. भरल्या वांग्यात मसाला दाबून भरतो, तसं. फ्रेंच स्वयंपाकात भरलेल्या भाजीला ‘फार्सी’ म्हणतात तो याच घराण्यातला शब्द, आणि नाटकातला ‘फार्स’सुद्धा, कारण गंभीर धार्मिक नाटकांच्या मधे भरीला घातलेले विनोदी तुकडे म्हणजे फार्स.

मेलेल्या स्नायूला असं नाव का पडलं, ते कळायला फुप्फुस बघावं लागतं. फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी येतं. एक वाट बंद झाली की तिथली ऊती मरते, पण दुसऱ्या वाटेने रक्त येतच राहतं आणि त्या मेलेल्या, झिरपणाऱ्या भागात साठतं. कापल्यावर तो भाग पाचरीच्या आकाराचा, काळपट लाल दिसतो, आणि हाताला घट्ट लागतो. आजूबाजूचं फुप्फुस स्पंजासारखं मऊ, आणि मधे हा गच्च भाग. त्या काळातल्या युरोपातल्या डॉक्टरांची मुख्य साधनं म्हणजे डोळे आणि बोटं. असा तुकडा हातात आल्यावर तो ‘ठासून भरलेला’ वाटणं अगदी साहजिक आहे. मी स्वतः विद्यार्थ्यांना डोळे मिटून बोट फिरवायला लावायचे; गच्च भाग कुठे सुरू होतो, ते सगळ्यांना अचूक कळायचं.

हृदयात याच्या उलट घडतं. तिथे दुसरी वाट जवळजवळ नसते, रक्त येऊन साठत नाही, त्यामुळे मेलेला भाग फिकट पडतो. म्हणून आम्ही लाल इन्फार्क्ट आणि पांढरा इन्फार्क्ट असे दोन प्रकार करतो: फुप्फुस आणि आतडं लाल, हृदय, मूत्रपिंड आणि प्लीहा पांढरे. नाव लाल प्रकाराला शोभणारं आहे, आणि चिकटलं दोन्हींना.

हा फिकटपणाही लगेच दिसत नाही. पहिले बाराएक तास नुसत्या डोळ्यांना फारसं काहीच कळत नाही. त्यासाठी शवागारात एक चाचणी करतात. हृदयाचे आडवे काप घ्यायचे, पावाच्या स्लाइससारखे, आणि ट्रायफेनिल टेट्राझोलियम क्लोराइडच्या कोमट द्रावणात बुडवायचे. जिवंत स्नायूतली विकरं (एन्झाइम) अजून शाबूत असतात, ती या रसायनाचा रंग पालटतात आणि काप विटकरी लाल होतो. मेलेल्या पेशींतून विकरं निघून गेलेली असतात. तेवढा भाग फिकटच राहतो. बघता बघता सगळा काप लाल होत जातो आणि पुढच्या बाजूला एक फिकट चंद्रकोर तशीच उरते. तुमच्या वडिलांच्या कार्डावर ‘इन्फार्क्शन’ म्हणून जे लिहिलंय ते ही चंद्रकोर. त्यांची कोर त्यात केवढी होती ते मला माहीत नाही, आणि वेळेत अँजिओप्लास्टी करण्याचा सगळा आटापिटा ती लहान राहावी एवढ्यासाठीच असतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी लालबागच्या एका आजोबांचं बरं होऊन घरी जाणं झालं. महिन्याभराने सूनबाई काही रिपोर्ट घ्यायला आमच्या विभागात आल्या आणि जाता जाता विचारलं, “मॅडम, बाबांचं ताट-वाटी अजून किती दिवस वेगळं ठेवायचं?” मला कळेचना. मग उलगडलं: वॉर्डात घाईघाईने कोणी तरी ‘इन्फार्क्शन’ म्हणालं होतं आणि घरच्यांनी ऐकलं ‘इन्फेक्शन’. महिनाभर नातवंडांना आजोबांच्या जवळ फिरकू दिलं नव्हतं. आजोबांना वाटत होतं, आपण आता घरात नकोसे झालो. दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ‘इन्फेक्शन’ लॅटिन ‘इन्फिकेरे’वरून येतो, म्हणजे रंगात बुडवणे, डाग पाडणे, एकाचा रंग दुसऱ्याला लागतो, तो संसर्ग. इन्फार्क्शन एकाचं दुसऱ्याला लागत नाही. तुमच्या घरात हा गोंधळ नाही हे तुमच्या प्रश्नावरून दिसतंच, पण शेजारीपाजारी कोणी कार्ड वाचलं असेल तर त्यांनाही सांगा.

आता ‘मायोकार्डियल’. ग्रीकमध्ये ‘मिस’ म्हणजे उंदीर, आणि ‘मिस’ म्हणजेच स्नायू. लॅटिनचा ‘मस्क्युलस’, ज्यावरून ‘मसल’ आला, तो म्हणजे ‘छोटा उंदीर’. दंडाचा स्नायू आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा उंचवटा सरकतो, म्हणून. आपला ‘मूषक’ही याच कुळातला. मराठी माणसाला त्याच जागी उंदराऐवजी बेडूक दिसला: आपण दंडाची ‘बेटकुळी’ काढून दाखवतो, आणि बेटकुळी म्हणजे छोटी बेडकी. वडिलांना हे नक्की आवडेल. ज्या माणसाने जन्मभर शब्द तपासले त्याला हा उंदीर-बेडकाचा जोड लगेच पटतो.

‘कार्डिया’ म्हणजे हृदय. ग्रीक ‘कार्डिया’, लॅटिन ‘कोर’, इंग्रजी ‘हार्ट’ आणि आपलं ‘हृद्’ ही एकाच पूर्वजाची लेकरं आहेत. एक सावधगिरी मात्र बाळगा. जठराचं वरचं तोंड, जिथे अन्ननलिका येऊन मिळते, त्यालाही वैद्यकात ‘कार्डिया’च म्हणतात, कारण प्राचीन ग्रीक हृदय आणि पोटाचं तोंड या दोन्हींना तो शब्द वापरत. उद्या पित्तासाठी एंडोस्कोपी झाली आणि रिपोर्टात ‘कार्डिया’ दिसलं तर घाबरू नका. तो पोटाचा उल्लेख आहे.

मराठीतल्या ‘स्नायू’बद्दलही थोडं बोलते, कारण मुंबईच्या वॉर्डात ते रोज आडवं येतं. मराठीत स्नायू म्हणजे मसल. हिंदीत ‘स्नायु’ म्हणजे बहुधा नस, मज्जातंतू. मसलला तिथे ‘मांसपेशी’ म्हणतात. संस्कृतात तर स्नायू म्हणजे सांध्यांना बांधणारी चिवट दोरी. ग्रीक ‘न्यूरॉन’चंही असंच झालं: आधी अर्थ होता चिवट दोरी, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, आणि नंतर मज्जातंतू. शरीर उघडल्यावर दोन्ही पांढऱ्या दोऱ्याच दिसतात, म्हणून पूर्वीच्यांनी त्या एका नावाखाली घातल्या. हृदयाच्या स्नायूला मार लागलाय असं मराठी डॉक्टर सांगतो, आणि शेजारच्या खाटेवरचे हिंदी बोलणारे नातेवाईक समजतात की नसेचा आजार आहे. मी हिंदीत बोलताना ‘मांसपेशी’च म्हणते.

‘अँटेरियर’ म्हणजे पुढचा; लॅटिन ‘आन्ते’, आधी किंवा पुढे. ‘वॉल’ म्हणजे हृदयाच्या डाव्या, खालच्या कप्प्याची भिंत, जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची. या भिंतीला डाव्या बाजूने पुढून खाली उतरणारी धमनी रक्त देते. कार्डावर कुठे ‘एलएडी’ अशी अक्षरं असतील तर ती हीच. भिंत या शब्दात आणखी काही शोधायला नको, पण कप्प्यांची नावं फार सुंदर आहेत. वरच्या कप्प्याला लॅटिनमध्ये ‘एट्रियम’ म्हणतात, म्हणजे रोमन घराचं दर्शनी दालन. मराठीत तोच कप्पा ‘अलिंद’, आणि अलिंद म्हणजे घराच्या दारापुढची ओसरी. खालचा कप्पा ‘निलय’, म्हणजे राहतं घर. रक्त आधी ओसरीत येतं, मग घरात. ज्याने हा शब्द निवडला त्याने फार विचारपूर्वक निवडला, असं मला हे शिकवताना दर वर्षी वाटायचं.

राहिला ‘अ‍ॅक्यूट’, आणि वडिलांना घाबरवणारा शब्द बहुधा हाच असेल. लॅटिन ‘अक्युटस’ म्हणजे धार लावलेला, टोकदार. भूमितीत अ‍ॅक्यूट अँगलला आपण लघुकोन म्हणतो; तो टोकदार असतो म्हणून त्याला ते लॅटिन नाव. वैद्यकात मात्र या शब्दाचा अर्थ काळाशी जोडलेला आहे: अचानक सुरू झालेलं, ताजं. त्याच्या विरुद्ध ‘क्रॉनिक’, ग्रीक ‘क्रोनोस’ म्हणजे काळ, यावरून, मराठीत जुनाट. मराठीत अ‍ॅक्यूटला ‘तीव्र’ म्हणायची पद्धत पडली आहे आणि ती मला खटकते, कारण तीव्र म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘फार मोठा अटॅक’ असं वाटतं. अटॅक लहान असो की मोठा, ताजा असला की तो अ‍ॅक्यूटच. मी नातेवाइकांना ‘नुकताच आलेला’ असं सांगते.

यातून पुढची एक भीती टळेल. काही महिन्यांनी वडिलांच्या एखाद्या रिपोर्टात ‘ओल्ड अँटेरियर वॉल एमआय’ असं येईल; एमआय म्हणजे मायोकार्डियल इन्फार्क्शनच. याचा अर्थ दुसरा अटॅक येऊन गेला आणि कळलाच नाही, असा नाही. तीच जागा, तोच अटॅक. फक्त मधे दिवस गेले. मेलेला भाग पहिल्या आठवड्यात मऊ असतो, मग शरीर तो हळूहळू साफ करतं आणि साधारण दोन महिन्यांत तिथे पांढरा, चिवट व्रण तयार होतो, कापून शिवलेल्या कातडीवर राहतो तसा.

आता वडिलांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते: “ते काढलं का नाही?” भरलेलं काही होतं तर ते धमनीत, आणि त्याचं नाव त्या ओळीत नाहीच. ते शब्द आहेत ‘अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस’ आणि ‘थ्रॉम्बस’. ग्रीक ‘अ‍ॅथेरे’ म्हणजे पिठाची पेज. ‘स्क्लेरोस’ म्हणजे कडक. फेलिक्स मार्शां या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये हे दोन जोडून शब्द केला, आणि त्यात बघितलेल्याचं तंतोतंत वर्णन आहे. अशी धमनी कापली की कात्रीला वाळू लागल्यासारखी करकर येते, तो कॅल्शियमचा कडकपणा. आणि भिंतीच्या आतला फुगवटा दाबला की पिवळट, दाटसर पदार्थ बाहेर येतो, गार होऊन साय धरलेल्या कण्हेरीसारखा. विद्यार्थ्यांना मी ‘पेज’ म्हटलं की ते वहीत लिहून घ्यायचे. दाबून दाखवल्यावर मग लिहायची गरज उरायची नाही.

ही पेज भिंतीत वर्षानुवर्षं साठते. एक दिवस तिच्यावरचा पापुद्रा फाटतो, रक्ताला ती उघडी पडते आणि तिथे गुठळी धरते. ग्रीक ‘थ्रॉम्बोस’ म्हणजे गुठळी, रक्ताची किंवा नासलेल्या दुधाचीही. ‘थ्रॉम्बोसिस’ला आजचा शास्त्रीय अर्थ दिला जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी, १८४० च्या दशकात, बर्लिनमध्ये.

अँजिओप्लास्टी म्हणजे ‘अँगेइऑन’, भांडं किंवा नळी, आणि ‘प्लास्सेइन’, आकार देणे. कुंभार ओल्या मातीच्या भांड्याला आतून हात घालून रुंद करतो, तसं फुग्याने धमनीला आतून रुंद केलं जातं. तेव्हा वडिलांना खरं उत्तर असं द्या: काही वेळा गुठळी ओढून घेतात, पण पेज सहसा काढत नाहीत, ती भिंतीकडे दाबून वाट रुंद करतात आणि ती परत आत येऊ नये म्हणून जाळीची नळी, स्टेंट, बसवतात. म्हणूनच गोळ्या चालू ठेवायच्या असतात. ‘स्टेंट’मध्ये ग्रीक-लॅटिन काही शोधू नका, ते चार्ल्स स्टेंट या लंडनच्या दंतवैद्याचं आडनाव आहे. त्याने एकोणिसाव्या शतकात दातांचे साचे घ्यायला एक लगदा तयार केला होता, आणि त्याचं नाव पुढे आधार देणाऱ्या वस्तूला पडलं.

‘धमनी’ हा शब्द वर इतक्यांदा आला, म्हणून तोही सांगते. संस्कृत धातू ‘ध्मा’, म्हणजे फुंकणे. गीतेच्या पहिल्या अध्यायात भीमाने शंख फुंकला तिथे ‘दध्मौ’ आहे, तोच. धमनी म्हणजे फुंकायची नळी. ग्रीकांनीही धमन्यांत हवा असते असं मानलं होतं, कारण मृतदेहात त्या रिकाम्या सापडतात. त्यांच्यात रक्त असतं, हे गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याने प्रयोगाने दाखवून दिलं, पण धमनीसाठीचा त्यांचा ‘आर्टेरिया’ हा शब्द तोवर रूढ झाला होता.

मराठीत या ओळीचं काय करावं, हेही तुम्ही विचारलंय. ‘हृदयविकाराचा झटका’ रोजच्या बोलण्याला पुरेसा आहे, पण तो ढोबळ आहे. हृदय अचानक बंद पडणं हा वेगळा प्रकारही वर्तमानपत्रं त्याच नावाने छापतात. वडिलांना नेमकं हवं असेल तर कार्डामागे लिहून द्या: ‘हृदयाच्या पुढच्या भिंतीतल्या स्नायूचा काही भाग, रक्त न पोचल्याने, नुकताच मृत.’ ‘काही भाग’ हे दोन शब्द गाळू नका.

तो भाग किती, ते इको रिपोर्टात, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात बघा. तिथे पुढच्या भिंतीसमोर ‘अकायनेटिक’ किंवा ‘हायपोकायनेटिक’ असं काही तरी असेल. ‘कायनेसिस’ म्हणजे हालचाल. आधीचा ‘अ’ आपल्या ‘अचल’मधलाच ‘अ’ आहे: भिंतीचा तो भाग हलत नाही. ‘हायपो’ म्हणजे खाली, कमी; आपल्या ‘उप’चा तो भाऊबंद: भिंत हलते आहे, पण कमी. अँजिओप्लास्टीनंतर जिवंत स्नायूही काही दिवस बधिर राहतो, त्यामुळे पहिल्या इकोवर ‘अ’ असलं तरी काही आठवड्यांनी केलेल्या इकोवर ते ‘हायपो’ झालेलं मी अनेकदा पाहिलं आहे. पुढच्या तपासणीला जाताना दोन्ही रिपोर्ट बरोबर न्या आणि तेवढा एक शब्द वडिलांनाच ताडून बघू द्या.